‘नागपूर’मधला ‘प’ तुटतो तेव्हा

महोदय,

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे प्रकल्प ठरायची वेळ आली, की हिंगणा रोडपासून काटोल रोडपर्यंत हजेरीचे ॲप आणि चॅटबॉट यांचीच रांग लागते. त्याऐवजी एक लहानसे, पण मराठीला खरोखर लागणारे काम सुचवतो: लिनक्सवरील ‘फोल्ड’ या कमांडला पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाप्रमाणे मोजायला शिकवणे.

फोल्ड लांब ओळी ठरावीक रुंदीत मोडते. रुंदी सांगितली नाही तर 80. मानकानुसार ही रुंदी स्तंभांत (पडद्यावरच्या एकेका अक्षराच्या जागेत) मोजायची, ‘-बी’ हा पर्याय दिला तरच बाइटमध्ये, आणि कोणत्याही परिस्थितीत अक्षर मधोमध तोडायचे नाही. कितीतरी संगणकांवरची फोल्ड मात्र सरसकट बाइटच मोजते. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘नागपूर’ म्हणजे 6 चिन्हे (न, काना, ग, प, उकार, र), 18 बाइट. रुंदी 10 दिली, की पहिल्या ओळीत ‘नाग’चे 9 बाइट आणि ‘प’चा एक, ‘प’चे उरलेले दोन पुढच्या ओळीत. पडद्यावर ‘प’च्या जागी मग नुसती प्रश्नचिन्हे. ‘-एस’ हा पर्याय वापरणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण ओळ मोकळ्या जागेपाशी तुटते. पण 80ची म्हणून मागितलेली ओळ तिसेक चिन्हांतच संपते.

दुरुस्ती सी भाषेत करायची. सुरुवातीला ‘सेटलोकेल’ (मजकूर कोणत्या भाषेचा आणि पद्धतीचा, हे प्रोग्रामला कळवणारे फंक्शन) हवेच. ते विसरले तर पुढचे सगळे फुकट. मग ‘एमबीआरटोडब्ल्यूसी’ने एकेक चिन्ह उचलायचे आणि ‘डब्ल्यूसीविड्थ’ला त्याची रुंदी विचारायची. उकार, अनुस्वार, हलन्त यांची रुंदी शून्य येते, म्हणून ओळ भरल्याबरोबर तोडू नये. पुढचे चिन्ह मावत नाही हे कळल्यावरच तोडावी. नाहीतर उकार एकटाच खालच्या ओळीत जाऊन पडतो. चुकीचा बाइट सापडला तर त्याला एक स्तंभ धरून जसाच्या तसा पुढे पाठवावा. कमांडने तिथे मान टाकली तर जुन्या फाइली वाचताच येणार नाहीत. टॅब, बॅकस्पेस आणि कॅरेज रिटर्न यांचे नियम मानकात दिलेले आहेत, त्यांना हात लावू नये. फ्रीबीएसडी या मुक्त प्रणालीच्या फोल्डमध्ये हे काम आधीच झालेले आहे, कोड वाचायला खुला आहे.

एवढे करूनही ‘बर्डी’ रुंदी 2 ला तोडली, की वर ‘बर्’ आणि खाली ‘डी’ उरतो. मानकाच्या लेखी हे बरोबरच, कारण त्याचे ‘अक्षर’ म्हणजे एकेक चिन्ह, आपले जोडाक्षर नव्हे. युनिकोड या लिपिचिन्हांच्या जागतिक मानकाने 15.1 आवृत्तीत, 2023 साली, देवनागरी जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियम आणला. तो वापरायचा तर वेगळ्या पर्यायाखाली वापरावा. मूळ वागणूक बदलली तर जुन्या स्क्रिप्ट बिघडतील.

परीक्षकांनी एक चाचणी जरूर मागावी. प्रोग्राम फाइल 4096 बाइटच्या तुकड्यांनी वाचत असेल, तर 4096वा बाइट ‘प’चा पहिला येईल अशी फाइल द्यावी. अपुरे बाइट पुढच्या तुकड्याला जोडायचे राहिले असतील, तर तिथेच कळेल.

— मुक्त प्रणालींवर काम करणारे काही प्रोग्रामर, नागपूर