माळकरी सुतारमामांस, गळाच्या काठीबद्दल

आदरणीय सुतारमामा,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात काठी ताब्यात देताना आपण व्हार्निश आणि रेशीम एवढ्याचेच पैसे घेतलेत, आणि मी मजुरीचे नाव काढताच "ते राहू दे की" म्हणून रंधा हातात घेतलात. समोर काही बोलणे जमले नाही, म्हणून हे पत्र. ते उघड लिहितो आहे, कारण ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी जुनी काठी पडून असेल, त्यांनाही आपण काय केलेत आणि काय करू दिले नाहीत, हे कळावे.

मे महिन्यात गावच्या घराची कौले परतताना तुळईवर गोणपाटात गुंडाळलेली ही काठी सापडली. आजोबा बेळगावला कॅम्पात एका गोऱ्या साहेबाकडे खानसामा होते. १९४७ साली मायदेशी जाताना साहेबाने ती त्यांना दिली आणि पुढे कित्येक वर्षे आजोबा ती घेऊन असोग्याला मलप्रभेच्या डोहावर बसत, एवढेच घरात ऐकलेले. तीन तुकडे, जोडून साधारण बारा फूट. लाकूड ग्रीनहार्टचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या जंगलातले. हे इतके घट्ट आणि जड असते की बंदरांच्या धक्क्यांसाठी आणि कालव्यांच्या दरवाजांसाठी ते वापरत, आणि बांबूच्या चिपा जोडून केलेल्या काठ्या रूढ होण्यापूर्वी विलायतेत गळाच्या चांगल्या काठ्या याच लाकडाच्या होत. अर्थात हे सारे मला नंतर समजले.

आधी मी स्वतःच उद्योग करून बसलो होतो. मधला आणि वरचा तुकडा ज्या पितळी नळ्यांनी एकमेकांत बसतात, त्या नळ्या कळकून घट्ट धरल्या होत्या. मी पकड लावून पिळले. नळीला दोन खळगे पडले, आत लाकूड करकरले आणि जोड तसूभरही हलला नाही. तेवढ्यावर न थांबता जुने पॉलिश काढण्यासाठी जाड काचपेपर घेऊन हातभर लाकूड ओरखडून ठेवले. जून उजाडल्यावर भीतभीत आपल्या दुकानाची पायरी चढलो, तर समोर आपल्या गळ्यात तुळशीची माळ. मासे मारायची काठी माळकऱ्यापुढे धरावी कशी, या विचारात मी पाच मिनिटे नुसताच उभा होतो. आपणच म्हणालात, "मासा तुझा, लाकूड माझं. आण बघू इकडं." आणि दुसराच प्रश्न विचारलात, "किती किलोचा ओढते?" जन्मात मासा न खाल्लेल्या माणसाने तो विचारावा याचे मला त्या वेळी हसू आले होते, काठी किती वाकायला हवी हे आपण त्यातून ताडत होतात, हे पुष्कळ उशिरा लक्षात आले.

अडकलेल्या जोडावर आपण दोन रात्री थेंब थेंब रॉकेल सोडलेत. तिसऱ्या दिवशी गरम पाण्यात पिळलेले फडके बाहेरच्या नळीवर क्षणभर गुंडाळलेत, दोन टोके आपण आणि मी धरली, आणि न पिळता सरळ ओढल्यावर तो जोड बाटलीचे बूच निघावे तसा सुटला. फडके जास्त वेळ ठेवले असते, तर नळीखालची जुनी लाख वितळून नळीच लाकडावरून निघाली असती, हेही आपण सांगितलेत. जी नळी आधीच सैल होती ती पुन्हा बसवताना मी सरसाचे नाव काढले, तेव्हा "ओल लागली की सरस सुटतो" म्हणून आपण लाखच वितळवून घातलीत.

माझे ओरखडे आपण फुटक्या काचेच्या धारेने काढलेत. नाकाला उपरणे बांधून आपण बसला होतात, मला मात्र त्या हिरवट भुकटीने दिवसभर शिंका आल्या. काचेखालून कीस इतका पातळ निघत होता की फुंकर मारली तर उडावा.

मग पाऊस लागला आणि आपण काम बंद केलेत. खानापूरच्या पावसात व्हार्निश वाळत नाही, लाखेवर पांढरी झाक येते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको होते. घाई मला होती. गणपती झाले, दसरा झाला, तेव्हा कुठे आपण रेशीम आणायला सांगितलेत. वडगावच्या एका विणकराकडून मी डाळिंबी रंगाची लडी आणली. दर चार-पाच बोटांवर वेढे देताना "दोरा फिरवायचा नाही, काठी फिरवायची" हे आपण मला शिकवलेत. शेवटच्या आठ-दहा वेढ्यांखाली दुसऱ्या दोऱ्याचा फासा आधीच ठेवायचा, टोक त्यात ओवायचे आणि फासा ओढून ते वेढ्यांच्या पोटात घ्यायचे. गाठ कुठेच नाही. माझे पहिले सहा वेढे आपण न बोलता उसवलेत. रेशमावर थेट व्हार्निश दिले तर डाळिंबी काळपट होते, हे आधी एका फुटकळ काडीवर पाहून मगच स्पिरिटमधल्या पातळ लाखेचे दोन हात दिलेत आणि त्यावर व्हार्निश.

एका गोष्टीसाठी मी आपल्याशी वाद घातला, त्याबद्दल क्षमा मागतो. तुळईवर वर्षानुवर्षे आडवा पडून वरच्या तुकड्याला बाक आला होता. निखाऱ्यांवर दुरून शेकून, टोकाला दगड बांधून आपण तो आढ्याला टांगलात, निम्म्याहून अधिक बाक गेला आणि तिथे आपण हात आवरलात. मला काठी बाणासारखी सरळ हवी होती. हे जुने लाकूड आधी काहीही न सांगता एकदम तडकते, हे आपण ओळखले होते; मी नाही.

परवा असोग्याला जाऊन, गळ न लावता, दोरीला नुसते शिसे बांधून टाकून पाहिले. काठी मुठीपर्यंत लवली आणि परत आली, बाक होता तेवढाच राहिला. आता ती आपण सांगितल्याप्रमाणे कापडी पिशवीत घालून खुंटीला उभी टांगली आहे, भिंतीला टेकवलेली नाही.

तो काचेचा तुकडा चुकून माझ्या पिशवीत आला आहे. आपण कार्तिकीहून परतलात की आणून देतो. मासे आणणार नाही.

आपला ऋणी,
काठीवाला