अरबी समुद्राच्या शोधाची कहाणीही यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील सागरविज्ञानाच्या इतिहासावरचा लेख आवडीने वाचला. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाची डिसेंबर १८७२ ते मे १८७६ ही सफर, ३६२ ठिकाणी थांबून केलेल्या नोंदी आणि त्यांवर बेतलेले अहवालाचे पन्नास खंड हे सारे त्यात नेमकेपणाने आले आहे. परंतु लेख अटलांटिक आणि पॅसिफिकपुरताच राहिला. ज्या समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांमुळे गगनबावड्याला पाऊस कोसळतो आणि आपण रोज सकाळी पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहतो, त्या अरबी समुद्राविषयी त्यात एक ओळही नव्हती, याची चुटपुट लागली म्हणून हे पत्र.

‘चॅलेंजर’ केप टाउनहून थेट दक्षिणेकडे वळले आणि केर्गेलेन बेटांवरून मेलबर्नला गेले. अरबी समुद्रात ते आलेच नाही. ती उणीव पुढे भरून निघू लागली, तीही त्याच जहाजावरील जॉन मरे या शास्त्रज्ञाच्या पैशातून. ख्रिसमस बेटावरील फॉस्फेटच्या खाणींतून त्यांना मिळालेल्या संपत्तीवर, त्यांच्या मृत्यूनंतर, १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजाने अरबी समुद्राची पाहणी केली. मोहिमेचे नेतृत्व भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक सेमूर सिवेल यांच्याकडे होते.

खरा पालट मात्र १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने घडवला. अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे तीत उतरली. आपल्या पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्याने ईशान्येकडे धावणारा प्रवाह हिवाळ्यात दिशा बदलतो. वाऱ्यांबरोबर उलटणाऱ्या या प्रवाहांमुळेच हा महासागर इतरांहून वेगळा ठरतो आणि मोहिमेत त्यांचा बारकाईने अभ्यास झाला. हवामानाच्या नोंदी एकत्र करण्यासाठी मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय केंद्र उघडले गेले आणि तेथे त्या कामासाठी संगणकही आला. भारतीय नौदलाचे ‘किस्तना’ जहाज या मोहिमेत होते. किस्तना म्हणजे आपली कृष्णाच. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा जिला मिळते, त्या नदीच्या नावाचे जहाज तिच्या पावसाचा उगम असलेल्या महासागराची तपासणी करत होते, हे वर्गात सांगितले की मुले कान टवकारून ऐकत, असा माझा भूगोल शिक्षक म्हणून अनुभव आहे.

या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे असलेल्या या संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ मध्ये हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातुयुक्त गोटे वर काढले. अरबी समुद्रात सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेला जाड थर आहे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात असे प्राणवायूहीन पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढते, हेही येथील शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षांच्या मोजणीतून मांडले. मालवण-रत्नागिरीहून घाट चढून कोल्हापुरात येणाऱ्या मासळीशी या गोष्टीचा जवळचा संबंध आहे. त्यामुळे तिला स्वतंत्र लेखाची जागा मिळायला हवी.

तेव्हा आपण या लेखाचा दुसरा भाग केवळ हिंदी महासागरावर द्यावा, आणि तो जूनच्या आरंभी, पावसाच्या बातम्या सुरू होताना यावा, ही विनंती. जिल्ह्यातील शाळांनाही आपल्या वृत्तपत्रातून सुचवावेसे वाटते की, गोव्याची सहल ठरवताना दोना पावलाच्या या संस्थेला आधी पत्र लिहून, मुलांना तेथील काम पाहता येईल का, एवढे अवश्य विचारावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, कोल्हापूर