काकूंना काय सांगू?

कॉलेज स्टेशन, टेक्सास

प्रिय शुभे,

इतके दिवस पत्र नाही, रागावली असशील. तब्येत ठणठणीत आहे. पण आजचं हे तुलाच कळेल.

प्रयोगशाळेत वालुकाश्माची कांडी लावली होती. अंगठ्याएवढी, मधोमध तिरकी कापलेली, वरून घट्ट वेष्टण. भोवती तेलाचा दाब. वरचा दट्ट्या होता तिथेच ठेवला आणि दगडातल्या पाण्याचा दाब तेवढा चढवत गेले. बराच वेळ काही नाही. मग पडद्यावरची रेषा धाडकन खाली आली. काप सरकला होता! जास्तीचं कुणी ढकललंच नव्हतं गं, पाण्याने आतली पकड सैल केली.

कोयना धरणाच्या शिवसागरात १९६२पासून पाणी साठू लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ची ती भूकंपाची पहाट आली. आमचं टेक्टोनोफिजिक्स केंद्रही, म्हणजे ताणाखाली खडक कसे वाकतात-तुटतात ते अभ्यासणारं, १९६७चंच. जॉन हँडिन हे संशोधक आणि त्यांचे सहकारी शेल या तेलकंपनीची प्रयोगशाळा सोडून इथे आले, त्या वर्षी. ते वाचलं तेव्हा तुझी आजी डोळ्यांपुढे उभी राहिली.

आणि त्याच रात्री काकूंचा फोन. "माजघराची चीर वाढलीय. तू दगडाचंच शिकतेस ना, मोठा कधी येणार सांग." माझ्या तोंडून शब्द फुटेना.

यंत्रात भार किती, पाणी किती, सगळं माझ्या हातात असतं. कोयनेला गोठण्याजवळ तीन किलोमीटर भोक पाडलं, बेसॉल्टखालच्या ग्रॅनाइटपर्यंत पोचले. तरी तिथला भ्रंश, म्हणजे खडक सरकतात ती खोल भेग, आज किती ताण धरून आहे आणि कधी सुटेल, हे कुणी सांगू शकत नाही. तू म्हणशील, "तरी म्हणत होते सिव्हिल घे." ते भांडण मी सोडलेलं नाही. पाटण स्टँडवरच्या वडापावचे पैसेही तूच देणं लागतेस.

"काही होणार नाही," असं काकूंना मी म्हणणार नाही. माझ्या शब्दावर विसंबून त्या त्याच भिंतीला लागून झोपतील.

नवी शाळा कशी आहे? ओजस चालायला लागला का? फोटो पाठव.

आधी त्यांची खाट तिथून हलव. मग दादाला घेऊन जा आणि चांगला गवंडी बघा. नुसता गिलावा मारून चीर झाकू नका. कोपरे बांधून घ्या, भिंतीत आरपार दगड घाला, वर काँक्रीटचा पट्टा फिरवा. पाऊस लागायच्या आत. पैशांचं मी बघते. रविवारी काकूंना फोन करणार आहे, त्याआधी तू जाऊन ये.

तुझी,
सुमी