जिराफ आणा, पण एकटा नको

बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात जिराफ, झेब्रे आणावेत, अशी मागणी करणारे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. मागणी रास्त आहे. हे प्राणी पाहण्यासाठी बेळगावकरांना थेट बंगळूर किंवा म्हैसूर गाठावे लागते आणि तो खर्च प्रत्येक कुटुंबाला झेपत नाही. जिराफ दीड फुटी काळसर जिभेचा विळखा घालून उंचावरचा पाला ओरबाडतो, तेव्हा मुले कुंपणापासून हलत नाहीत. पुस्तकातल्या चित्रातून हे कळणार नाही.

मात्र प्रदर्शनापुरता एकच प्राणी आणण्यास माझा ठाम विरोध आहे. हे कळपाने राहणारे प्राणी आहेत. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातील आफ्रिकन हत्ती शंकर जोडीदारीण गेल्यावर वर्षानुवर्षे एकटाच राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तसाच गेला. तसे इथे कदापि घडू नये. शिवाय नर जिराफ सोळा-अठरा फूट उंच, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस व चिखल. उंच कोरडा निवारा, बारमाही झाडपाला आणि किमान लहानसा कळप यांची तयारी असेल, तरच वन खात्याने हा प्रस्ताव हाती घ्यावा.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)