काकी, त्या दिवशी ग्रास कटर थांबवलात म्हणून

काकी, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही, पण वाडीतल्या कुणी वाचलं तर ओळखतीलच.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर गावचं घर उघडलं तेव्हा मागच्या परड्यात माणूसभर रान माजलेलं आणि आम्ही मुंबईकर लगेच माणूस लावून सगळं सपाट करायला निघालो होतो, तेवढ्यात तुम्ही गडग्यापलीकडून ओरडलात, "अगो थांबव त्याला, भारंगी कापतोय!"

मला काय कळतंय भारंगी ही रानभाजी आणि रानमोडी हे माजणारं तण यातलं, दोन्ही हिरवीगार, दोन्हीची पानं दातेरी. तुम्ही दोन फांद्या हातात दिल्यात आणि रानमोडीचं पान चुरडायला लावलंत, तो उग्र वास अजून बोटांना आहे असं वाटतं, मग देठाजवळून त्रिशूळासारख्या फुटलेल्या तीन शिरा दाखवल्यात. भारंगीचं पान लांबट, मधे एकच ठळक शीर, आणि काही पेरांवर तर तीन तीन पानं! घाणेरी, म्हणजे टणटणी, मात्र मला माहीत होती, तिचं ते चौकोनी काटेरी खोड लहानपणापासून ओरबाडत आलंय.

रानमोडी, घाणेरी दोन्ही मूळच्या अमेरिकेकडच्या हे ऐकल्यावर मी म्हटलं बाहेरचं सगळंच उपटते, तर तुम्ही काजूकडे बोट केलंत, मग हापण तोड, पोर्तुगीजांनी ब्राझीलवरून आणलाय. तेव्हा खरं डोक्यात शिरलं, कुठून आलं त्यापेक्षा शेजारी दुसरं काही उगवू देतं का ते बघायचं.

पुढचे आठ दिवस तुम्ही गुडघे दुखत असताना रोज भिजत आलात काकी, हे मी विसरूच शकत नाही. रानमोडी नुसती कापली तर बुंध्यातून परत फुटते म्हणून माती मऊ असतानाच मुळासकट काढायची, थंडीत फुलली की बी म्हातारीसारखं उडतं आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच, हे सगळं तुम्ही हाताने करून शिकवलंत.

यंदा तिथे भारंगी चांगली फुटलीय. कोवळा पाला उकडून, पाणी पिळून, कांदा आणि ओलं खोबरं घालून केलेली पहिली भाजी तुमच्याकडेच पाठवली, तर डबा परत आला तो कुड्याच्या शेंगांनी भरून. त्याचेही थँक्स राहिलेच होते काकी, खूप खूप आभार.