फाटकाला पिशवी अडकवून गेलेल्यांना

२०२० चा एप्रिल. मिरजेत आमच्या दारावर विलगीकरणाचा कागद लागला आणि आम्ही घरात अडकलो. रमजान २५ तारखेला सुरू झाला, दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. देवळं बंद, दर्गाही बंद. तरी भर दुपारी फाटकाला पिशवी! कडीच्या डब्यात शाळूची आंबील, ताक घालून सारखी केलेली, वर लसणाची फोडणी, शेजारी कांदा. संध्याकाळी आणखी कुणीतरी खजूर आणि कलिंगडाच्या फोडी ठेवल्या. बेल वाजवायची आणि पसार व्हायचं, असा सगळा कारभार. तोंडाची चव गेलेल्या सासूबाईंनी आंबील मात्र पुन्हा मागून घेतली. (मीठ कमी आहे म्हणाल्या, असो.)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. डबे घासून ठेवलेत, हक्कानं घेऊन जा. रिकामे देणार नाही.