आपल्या उसातल्या पिल्लांकडं पोपट कुठं होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी दुपारी नातवासोबत टीव्हीवर ‘दिल्ली सफारी’ पाहिला. निखिल अडवाणी यांनी दिग्दर्शित केलेला हा ॲनिमेशनपट २०१२ साली आला होता, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे सिनेमा तसा जुना. पण आमच्या घरात तो पहिल्यांदाच लागला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. मुंबईत बोरिवलीच्या जंगलात बुलडोझर शिरतात. युवी नावाच्या बिबट्याच्या बछड्याचा बाप त्यात जीव गमावतो. मग युवी, त्याची आई बेगम, बजरंगी माकड आणि बग्गा अस्वल ठरवतात की सरळ दिल्ली गाठायची आणि संसदेलाच विचारायचं, आमचं घर का मोडता? पण जनावरांचं बोलणं माणसाला कळणार कसं? म्हणून ॲलेक्स नावाच्या पोपटाला सोबत घेतात. त्याला माणसासारखं बोलता येतं.

युवीचा बाप पडतो तेव्हा नातू माझ्या मांडीत तोंड खुपसून रडला. तिसरीत आहे तो. सिनेमा संपल्यावर गप्प गप्प होता. रात्री जेवताना म्हणाला, “आज्जी, त्यांच्याकडं पोपट होता म्हणून माणसांना कळलं. आपल्या उसातल्या पिल्लांकडं कुठं होता?”

हातातला घास तसाच राहिला.

गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या फडात तोड चालू होती. भर दुपारी कोयत्यांचा आवाज एकदम थांबला. सरीत, पाचटावर, बिबट्याची दोन पिल्लं होती. मांजराच्या पिल्लाएवढी, डोळे नुकतेच उघडलेली. टोळीतल्या बायका शहाण्या, त्या हात न लावता मागं सरल्या आणि मुकादमाला हाक मारली. चुकलो ते आम्ही गावकरी. अर्ध्या तासात बांधावर जत्रा जमली. पोरांनी पिल्लं उचलली, या हातातून त्या हातात दिली, मोबाइलवर फोटो काढले. कुणी वाटीतून गाईचं दूध आणलं. एक पिल्लू माझ्याही हातात आलं आणि मी ते घेतलं, कुरवाळलं. ‘किती गोड’ म्हणाले. माझ्या हातात ते थरथरत होतं, ते मला आज जास्त आठवतं. हे लिहिताना लाज वाटते.

वन खात्याची माणसं आली तेव्हा दिवस मावळला होता. त्यांनी पिल्लं क्रेटमध्ये घालून होती त्याच जागी ठेवली आणि सांगितलं, आई रात्री येईल, इथं कुणी थांबू नका. पण रस्त्यावरची गर्दी काही हलली नाही. गाड्यांचे दिवे उसावर सोडून लोक ती कधी येते याची वाट बघत बसले. पलीकडच्या फडातून तिचा आवाज येत होता, लाकडावर करवत ओढावी तसा. रात्रभर येत होता. ती आली नाही. दुसऱ्या रात्री वन खात्याच्या लोकांनी रस्ता मोकळा केला, तेव्हा कुठं ती आली. पहाटे क्रेट आडवा पडलेला आणि रिकामा. त्यांच्या कॅमेऱ्यात दिसलं, एका पिल्लाला मानेत धरून घेऊन गेली, काही वेळानं दुसऱ्यासाठी परत आली.

नातू या सगळ्याला तिथंच होता. माझ्या पदराला धरून. सिनेमात बेगम युवीसाठी कासावीस होते ते त्याला इतकं का लागलं, हे मला तो बोलल्यावर समजलं.

या सिनेमाबद्दल माझी एक तक्रारही आहे. त्यात दोष बुलडोझरवाल्याचा आहे. बघणाऱ्याला बरं वाटतं, कारण आपण काही बुलडोझर चालवत नाही. आमच्या शिराळा-वाळव्याकडं, तिकडं कराड-पाटणला गोष्ट वेगळी आहे. इथं आम्ही डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस लावला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. आत गारवा, पाटाचं पाणी, रानडुकरं, आणि गावाभोवती भटकी कुत्री. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? तिचा गाभणकाळ तीन महिन्यांच्या आसपास, आणि पिल्लं पुढं दीड-दोन वर्षं आईसोबत राहतात. म्हणजे उसात जन्मून उसातच मोठी झालेली ही जनावरं आहेत. त्यांना जंगल माहीतच नाही. आम्ही मात्र ‘पिंजरा लावा आणि चांदोलीच्या जंगलात नेऊन सोडा’ म्हणून निवेदनं देतो. जुन्नरकडं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसून आलं की पकडलेले बिबटे नेऊन सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले उलट वाढले. शिवाय एकाला उचललं की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो. पिंजऱ्यानं फक्त आपलं समाधान होतं.

चांदोलीचं नाव निघालं म्हणून माझंही सांगते. माझं माहेर धरणाच्या वर, वारणेच्या खोऱ्यात होतं. गाव उठलं तेव्हा आईनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि मागं न बघता ट्रकमध्ये बसली. त्याच डोंगरात पुढं २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आम्हाला बोलायला तोंड होतं, आम्ही मोर्चे काढले, कचेऱ्यांपुढं बसलो, तरी जमीन मिळण्यात वर्षं गेली. त्यामुळं सिनेमातली जनावरं ‘आमचं घर का मोडता’ म्हणून दिल्लीला निघाली तेव्हा मला ते कार्टून वाटलं नाही. घर उठणं म्हणजे काय ते मी पाहिलंय.

कुणी म्हणेल, बाईंना बिबट्याचा फार पुळका. तसं नाही. माझ्या दोन शेळ्या त्यानं नेल्या आहेत. ऊसतोड मजुरांची लेकरं बिबट्याच्या हल्ल्यात दगावली आहेत आणि त्या आयांचं दुःख कुठल्याही पिल्लापेक्षा मोठं आहे. फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, दिव्याशिवाय, दाराशिवाय माणसं झोपतात. आधी त्यांच्या कोपीजवळ उजेड द्या, मुलांना बसायला बंदिस्त जागा द्या. हे बिबट्याला पकडण्याआधीचं काम आहे, आणि ते कारखान्यांनी व आम्ही शेतकऱ्यांनी मिळून करायचं आहे. त्यासाठी कुणाला दिल्लीला जायला नको.

आता आपल्याकडं वळते, संपादक साहेब. राग मानू नका. आपल्यासकट सगळ्याच वर्तमानपत्रांत हंगाम सुरू झाला की ‘बिबट्याचा धुमाकूळ’, ‘बिबट्याची दहशत’ असे मथळे येतात. बातमी उघडून वाचावी तर आत कुणाला तरी चिखलात ठसे दिसलेले असतात. पिल्लं सापडली की त्यांना हातात घेतलेल्या माणसांचे हसरे फोटो छापून येतात. तो फोटो बघून पुढच्या गावातली पोरं तेच करतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, बिबट्या त्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, पिल्लाला उचलणं हा गुन्हा ठरू शकतो, हे त्या फोटोखाली कधी छापलेलं मी पाहिलं नाही. कृपया असे फोटो छापू नका. गाळप सुरू होताना, पहिल्या पानावर, ठळक अक्षरात एवढंच छापा: पिल्लं दिसली तर हात लावू नका, दूध पाजू नका, तोड थांबवा, गर्दी हटवा, वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. शेतकरी सकाळी चहासोबत पेपर वाचतोच.

आणि मराठी वाहिन्यांपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांनाही सांगणं आहे. माझ्या नातवाला टीव्हीमुळं हिंदी कळते. शेजारची चार वर्षांची पोर मात्र सिनेमाभर ‘काय म्हणतंय?’ विचारत होती. आपल्या मुलांना आपल्या भाषेत बोलणारे प्राणी द्या, आणि ते इथलेच असू द्या. कृष्णेच्या काठाला, औदुंबर-भिलवडीकडं मगरी आहेत. २०१९ च्या महापुरात पाण्यासोबत त्याही वस्तीजवळ आल्या होत्या आणि लोक घाबरले होते. त्या मगरीला काय म्हणायचं असेल? चांदोलीच्या गव्याला, सागरेश्वरच्या हरणाला, उसातल्या बिबट्याच्या आईला काय म्हणायचं असेल? लिहिणारे आपल्याकडं आहेत, चित्र काढणारी पोरंही आहेत. अशी एक तासाची फिल्म मराठीत झाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत दाखवली, तर उसाच्या बांधावरची ती जत्रा निम्मी तरी कमी होईल असं मला मनापासून वाटतं.

यंदा आमच्या फडाला टोळी आली की मी मुकादमाशी बोलणार आहे. तोड एकाच बाजूनं करत जायची, म्हणजे आतल्या जनावराला दुसऱ्या बाजूनं निघून जाता येईल. चारी बाजूंनी घेरत यायचं नाही. आणि कितीही घाई असली तरी तोडीआधी ऊस पेटवायचा नाही. नातवानं वहीच्या पानावर पोपटाचं चित्र काढून त्याखाली १९२६ लिहिलंय. ते पान टोळीच्या कोपीवर लावायचं म्हणतोय. मी त्याला खळ करून देणार आहे.

आपली,
एक ऊस उत्पादक शेतकरी आजी,
ता. शिराळा, जि. सांगली